बंदकाकूंची बहीण

"मावशी, प्लीज. स्टोव्ह मी बघते," असं म्हणत प्रणिताने पाहुण्यांच्या देखत सुमित्राच्या हातातून चहाचं पातेलं काढून घेतलं, आणि सुमित्राचा हात क्षणभर तसाच अधांतरी राहिला... भाचीचं बाळंतपण करायला म्हणून ती ओहायोतल्या या डब्लिन गावात आली, त्याला दोन महिने होत आले होते. येताना केवढ्या हौसेने तिने डिंकाचे लाडू बांधले होते, जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी शिवली होती! पण इथे तिच्या वाट्याला आल्या त्या कपड्यांच्या घड्या. बाळाला मालिश करायची तीसुद्धा प्रणिता समोर बसलेली असतानाच. लहानग्या स्वानंदीला घेऊन तिने एकटीने बसावं, असं एकदाही घडलं नव्हतं.

पाहुण्यांना यातलं काही कळलं नाही. ते आले होते प्रणिताच्या आईला, नीलाला पाहायला. नीला म्हणजे टीव्हीवरच्या बंदकाकू! घराबाहेर पडताना "गॅस बंद, नळ बंद, खिडकी बंद" असं बोटांवर मोजणारी, कुलूप तीनदा ओढून पाहणारी आणि तरी जिन्यावरून माघारी फिरणारी ती वेंधळी काकू लोकांनी सात वर्षं दर बुधवारी डोक्यावर घेतली होती. इथल्या देशी दुकानांतसुद्धा तिच्या कॅसेटी भाड्याने मिळत. मालिका संपून दोन वर्षं झाली, तरी त्याच काकूचे प्रयोग घेऊन नीला अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळांत फिरत होती. आज जवळच्याच कोलंबस शहरात प्रयोग होता आणि उद्या तिला अटलांटा गाठायचं होतं.

प्रयोगाला निघताना सगळे गाडीपाशी जमले. सुमित्रा तेवढी दारातून मागे वळली. स्वयंपाकघरात जाऊन तिने स्टोव्हची चारही बटणं चाचपली, नळ पाहिला, बाहेर येऊन दाराचं हँडल ओढलं, एकदा, दोनदा, तीनदा. ओठांतल्या ओठांत तिचं पुटपुटणं चालू होतं. शेजारच्या रुपालीला हसू आवरेना.

"काकू, काय सही नक्कल करता तुम्ही नीलाताईंची! अगदी सेम टू सेम."

नक्कल... सुमित्राने तिच्याकडे पाहिलं आणि ती गाडीत बसली.

हॉल खचाखच भरला होता. हशा थांबत नव्हता. शेवटी मंडळाच्या अध्यक्षांनी माइक घेऊन विचारलं, "ताई, ही काकू तुम्हाला सापडली तरी कुठे?" तिसऱ्या रांगेत बसलेल्या सुमित्राच्या छातीत धडधडलं. दरवेळी धडधडायचं. आज तरी म्हणेल, एवढ्या दूर देशात, चार परक्या माणसांत तरी म्हणेल... नीला गोड हसली. "सापडली कसली? मनातूनच आली हो. कलावंताची कल्पनाशक्ती म्हणायची." टाळ्यांचा कडकडाट झाला. सुमित्रानेही टाळ्या वाजवल्या.

त्या काकूचा जन्म कुठे झाला, ते दोघीच जाणत होत्या. अठ्ठावीस वर्षांपूर्वी एका सकाळी नीला तालमीला उशीर होतो म्हणून धावतपळत निघून गेली होती आणि गॅसवर दूध तसंच राहिलं होतं. सुमित्रा गच्चीवर कपडे वाळत घालत होती. चार वर्षांची प्रणिता स्टुलावर चढली, फ्रॉकच्या बाहीने पेट घेतला... किंकाळी ऐकून सुमित्रा कशी खाली आली, ते तिचं तिलाच आठवत नाही. पोर वाचली. उजव्या दंडावर जळल्याची खूण तेवढी राहिली.

"गॅस कुणी चालू ठेवला?" नीलाच्या नवऱ्याने, जगन्नाथने, दवाखान्यातच विचारलं होतं. बायकोने नाटकात काम करावं हे त्याला मुळात पसंत नव्हतं, तो निमित्तच शोधत होता. नीला भिंतीला टेकून उभी होती. तिच्या डोळ्यांतली ती याचना सुमित्राला बघवेना. "माझंच चुकलं," ती म्हणाली.

त्या दोन शब्दांवर नीलाचं सगळं आयुष्य उभं राहिलं, नाटकं झाली, मालिका झाली, बक्षिसांनी कपाट भरलं. आणि सुमित्रा, जी लग्न न करता बहिणीच्याच संसारात राबत राहिली, ती जन्माची निष्काळजी ठरली. "मावशीपाशी पोर ठेवू नका," हे जगन्नाथचं वाक्य ऐकतच प्रणिता मोठी झाली. तेव्हापासून सुमित्राला ते चाचपण्याचं वेड लागलं, आणि बहिणीचं ते वेड उचलून नीलाने त्यावर लोकांना पोट धरधरून हसवलं. जगन्नाथ गेला, तेव्हा सुमित्राला वाटलं होतं, आता तरी ही मुलीला खरं सांगेल. त्यालाही सहा वर्षं झाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रणिताचा नवरा प्रथमेश ऑफिसला गेला. वरच्या मजल्यावर सुमित्रा पाय पसरून स्वानंदीला तेल लावत होती. प्रणिता नेहमीप्रमाणे समोर पहारा देत होती. तेवढ्यात खालून स्मोक अलार्म कर्कश वाजायला लागला. प्रणिताने बाळाला उचललं आणि दोघी धावत खाली आल्या. स्वयंपाकघर धुराने भरलं होतं, स्टोव्हची कॉइल लालभडक झाली होती आणि पातेल्यात चहाचा नुसता कोळसा उरला होता. अंगणातून नीला घाईघाईने आत आली. ती बाहेर रुपालीबरोबर फोटो काढत होती. पातेलं पाहून तिचा रंग उडाला, आणि तिने सुमित्राकडे पाहिलं... दवाखान्यात भिंतीला टेकून पाहिलं होतं, अगदी तसंच.

"माझंच चुकलं गं," सुमित्राच्या तोंडून निघून गेलं. "मीच ठेवला होता चहा."

प्रणिताने खिडकी उघडली, पातेलं सिंकमध्ये टाकलं. मग ती सावकाश वळली.

"मावशी, अर्धा तास तू माझ्यासमोर बसली होतीस."

अलार्म थांबला होता. प्रणिताचा हात नकळत आपल्या उजव्या दंडावर गेला, आणि सुमित्राने मान खाली घातली.

"तेव्हाही?" प्रणिताचा आवाज चिरकला. "आई, मी तुला विचारतेय. तेव्हाही तूच?"

"दूध होतं," नीला म्हणाली. तिच्या सराईत आवाजात आज काही दम नव्हता. "मी विसरले होते. पण ताईने कधी तक्रार केली नाही, प्रणू. एका शब्दाने नाही."

"आणि तू तिच्यावर सात वर्षं लोकांना हसवलंस. मला पण हसवलंस."

नीलाला हुंदका आला. तिने पुढे होऊन बहिणीचे हात धरले. "ताई, तू तरी बोलायचं होतंस."

"बोलले असते तर तू घरी बसली असतीस."

"मग हे गेल्यावर?"

"तेव्हा बोलायची पाळी तुझी होती," सुमित्रा म्हणाली आणि हात सोडवून घेतले. "जा आता. विमान चुकेल."

प्रणिताने गाडीची किल्ली घेतली. दारापर्यंत गेली, परत आली आणि दुपट्यातलं बाळ तिने मावशीच्या हातांत ठेवलं.

"मी आईला सोडून येते. दीड तास लागेल. दोघी थांबा घरी."

सुमित्रा वाट पाहत राहिली, की आता सूचना येतील, हे करू नकोस, त्याला हात लावू नकोस... प्रणिताने एकही सूचना दिली नाही. गाडी गेली.

स्वानंदीला खांद्यावर घेऊन सुमित्रा स्वयंपाकघरात आली. भोवती कुणी नव्हतं, तेव्हा एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच ती मोकळ्या आवाजात म्हणाली, "गॅस बंद, नळ बंद..." आणि थबकली. शेवटचं अक्षर तिने लांबवलं होतं, हशा यावा म्हणून नीला लांबवायची तसं. तिने पुन्हा म्हणून पाहिलं. पुन्हा नीलाच बोलली. आपण हे मुळात कसं म्हणत होतो, ते काही केल्या तिला आठवेना. खांद्यावरचं बाळ मात्र खुदकन हसलं.

सुमित्राने तोंड मिटून घेतलं आणि एका हाताने चारही बटणं चाचपली. मग पुन्हा एकदा चाचपली.