ठुमक्या इराचं का ऐकेना?

ठुमक्याने लेझीम डोक्यावर नेली, छानपैकी वाजवली आणि मग तो नुसताच उभा राहिला. त्याच्या छातीवरच्या पडद्यावर अक्षरं उमटली : ‘ही आज्ञा मला माहीत नाही.’ क्षणभराने तो डौलात उजवीकडे वळला आणि पुन्हा थांबला. पडद्यावर पुन्हा तेच.

“बघ, माझ्या ओळीला नाचतो, तुझ्या ओळीला खांब होतो,” कैवल्य म्हणाला. “त्याला माणसं कळतात.”

“गप रे दादा,” इरा म्हणाली.

कमरेइतक्या उंचीचा हा यंत्रमानव दोघा भावंडांनी मिळून बांधला होता. संध्याकाळी शाळेच्या स्नेहसंमेलनात तो लेझीम पथकाच्या पुढे नाचणार होता. भांडण नको म्हणून नाचसुद्धा वाटून घेतलेला : एका हालचालीची ओळ कैवल्यने आपल्या संगणकावर लिहून पाठवायची, पुढची इराने तिच्या संगणकावरून. आणि नेमक्या इराच्याच सगळ्या ओळी फुकट जात होत्या.

“जेवणं होईपर्यंत जमलं नाही, तर तुझ्या ओळी काढून टाकू,” कैवल्य म्हणाला. “अर्धा नाच तरी नीट होईल.”

इराचा चेहरा पडला. ठुमक्याची गिरकी तिने स्वतः अंगणात फिरून फिरून बसवली होती.

मावशीआजी, म्हणजे आईची मावशी, ओट्यावर शेंगा सोलत बसली होती. उपग्रहांचे संगणक बनवण्यात तिचं आयुष्य गेलं होतं. “भांडू नका, करून बघा,” ती म्हणाली. “दोघांनी एकच शब्द पाठवा.”

कैवल्यने ‘बैठक’ लिहून पाठवलं. ठुमक्या खाली बसून उठला. इरानेही ‘बैठक’ पाठवलं. ठुमक्या ढिम्म.

“माझं शुद्धलेखन दादापेक्षा बरं आहे,” इरा कुरकुरली.

“ते मला माहीत आहे,” मावशीआजी हसली. “पण ठुमक्याच्या पोटात मायक्रोकंट्रोलर (यंत्राच्या हालचाली सांभाळणारा नखाएवढा संगणक) आहे. त्याला आपल्यासारखी अक्षरं दिसत नाहीत. त्याच्याकडे प्रत्येक अक्षर आकडा होऊन येतं. ते आकडे दाखवायला सांगा त्याला.”

कैवल्यने तशी आज्ञा पाठवली. पडद्यावर आकड्यांच्या दोन रांगा आल्या. इरा बोट ठेवून वाचत गेली. सगळं सारखं, सारखं, सारखं... आणि शेवटाला तिचं बोट थांबलं. दादाच्या रांगेच्या टोकाला होता दहा. तिच्या रांगेच्या टोकाला तेरा, आणि मग दहा.

“हा तेरा मी लिहिलेलाच नाही,” ती म्हणाली.

“तू एंटरची कळ दाबलीस ना? तो तुझ्या टेक्स्ट एडिटरने (मजकूर लिहायच्या साधनाने) लिहिला. ये, खडू घे.”

मावशीआजीने तिला अंगणातल्या फरश्यांवर उभं केलं. “डावीकडून उजवीकडे, फरशीगणिक एक अक्षर काढत जा. संपली ओळ? आता नवी ओळ सुरू कर.”

इरा धावत डाव्या टोकाला गेली, मग एक फरशी खाली उतरली.

“किती कामं केलीस?”

“दोन. मागे गेले आणि खाली उतरले.”

“जुन्या टंकयंत्रालाही हीच दोन कामं करावी लागत. सुरुवातीला परत जाणं, ते कॅरेज रिटर्न. त्याचा आकडा तेरा. कागद एक ओळ पुढे सरकवणं, ते लाइन फीड. त्याचा आकडा दहा. संगणकात काही सरकत नाही, पण खुणा राहिल्या. काही एडिटर दोन्ही लिहितात. काहींना वाटतं, एक पुरे. दोघंही बरोबरच.”

“म्हणजे ठुमक्या दहा दिसेपर्यंत वाचतो,” इरा सावकाश म्हणाली, “आणि माझा तेरा ‘बैठक’ला चिकटून राहतो. तेरावाली बैठक त्याने कधी ऐकलेलीच नाही.”

“तू माझ्या संगणकावर लिही, मिटलं,” कैवल्य म्हणाला.

“आज मिटेल. उद्या तिसऱ्याच कोणी लिहिलं तर?” इरा ठुमक्याजवळ बसली. “आपण यालाच शिकवू. तेरा दिसो की दहा, ओळ संपली समजायचं. दोन्ही लागोपाठ आले, तर मधे रिकामी ओळ सापडेल. ती सोडून द्यायची.”

मावशीआजीने शेंगांची परात बाजूला ठेवली. “हे मी सुचवणार होते,” ती म्हणाली. “आता काय सुचवू?”

इराने ठुमक्याच्या मूळ आज्ञावलीत (यंत्राला दिलेल्या सूचनांत) तेवढी दुरुस्ती केली आणि नाच सुरू केला. लेझीम वाजली. मग गिरकी आली, इराची गिरकी, पूर्ण गोल. कैवल्यने कौतुकाने शीळ घातली. “माणसं कळतात याला,” इरा म्हणाली, आणि दोघं हसत सुटली.

संध्याकाळी नाच संपला तरी मुलं ठुमक्याला सोडेनात. कोणी फोनवर, कोणी शाळेच्या जुनाट संगणकावर आपापल्या हालचाली लिहू लागलं. पहिलीतल्या एका मुलीने ओळीखाली ओळ नुसतं ‘बैठक’ लिहिलं, आणि ठुमक्या बिचारा तिच्यासमोर उठाबशा काढत राहिला.

“उद्या चंद्रावर वसाहत झाली आणि तिथल्या मुलांनी नाच पाठवला, तर?” मावशीआजीने विचारलं. “त्यांचे एडिटर कसे असतील कोण जाणे.”

“असू देत,” इरा म्हणाली. “त्यांचीही ओळ कुठेतरी संपेलच. ती खूण तेवढी शोधून काढायची.”