सातव्या खाटेचा आकडा

इस्पितळाच्या जिन्याखालच्या खोलीत ती प्रोग्रॅमर बसायची. वॉर्डातली सहा यंत्रं सहा रुग्णांची नाडी एका ओळीत खाली पाठवायची. तिचा सी भाषेतला प्रोग्रॅम ती ओळ वाचून आकडे वॉर्डातल्या पडद्यावर, सात खाटांच्या सात जागांत मांडायचा. सहाव्या खाटेवर तिचे सख्खे मामा होते, त्यामुळे त्या आठवड्यात तिचं अर्धं लक्ष वरच असायचं.

सकाळी वॉर्डातल्या सिस्टरचा फोन आला. "मॅडम, मामांची नाडी दहा दाखवतंय. आणि सातव्या खाटेची चार. सातवी तर रिकामी आहे!"

"दहा नाडीचा माणूस उशीवरून भांडत नाही, सिस्टर. मामा आत्ताच भांडले," ती हसली.

चूक लगेच सापडली. आकडे वाचायच्या ओळीत कुणीतरी %2d लिहून ठेवलं होतं: पूर्णांक वाच, पण दोनच अंक. मामांच्या १०४ मधले दहा सहाव्या खाटेला गेले, उरलेला चार सातवीच्या पदरात पडला. तिने दोनाचे तीन केले.

मामांचे १०४ झाले. सातवीचे ७२.

ती वर गेली. सातव्या खाटेला यंत्रच जोडलेलं नव्हतं. चादर ताणलेली, वायर गुंडाळून ठेवलेली. तिने गादीवर हात टेकला.

"मॅडम," पडद्यापाशी बसलेली सिस्टर हळूच म्हणाली, "सातवीचे एकशे तीस झाले."

तिने हात उचलला. आकडा सावकाश उतरला.

खाली येऊन तिने भित्र्या माणसाने करावं तेच केलं. सातव्या आकड्याच्या खुणेत एक चांदणी घातली: %*d. म्हणजे वाच, पण कुठेच ठेवू नकोस. सातवीची जागा कोरी झाली. याबद्दल ती कुणाशी चकार शब्द बोलली नाही.

दुपारी मामांनी तिला जवळ बोलावलं. "पोरी, हा शेजारचा सारखं एकच विचारतोय गं."

"शेजारी कुणी नाहीये, मामा."

"म्हणतो, मला वाचलंस, मग ठेवलं का नाहीस?"

ती धावतच खाली गेली, चांदणी पुसली, प्रोग्रॅम पुन्हा सुरू केला.

परत आली तेव्हा मामा सातवीकडे कूस वळवून झोपले होते. हात पलीकडच्या गादीवर, बोटं कशावर तरी घट्ट मिटलेली.

तिने हाका मारल्या. डॉक्टर आले, सुई टोचली. ती बोटं सोडवत राहिली. एकही हललं नाही.

मागे सिस्टर पडद्यावरचं वाचत होती.

"सहा, एकसष्ट. सात, एकसष्ट."

मग जरा थांबून,

"सहा, साठ. सात, साठ."