गुलाबी न होणारं पाणी

बाईने पिशवीतून पाण्याची बाटली काढली आणि वहिनींच्या टेबलावर आपटली.

"यात क्लोरीन नाही म्हणतात," ती म्हणाली. "आणि मी रोज पावडर टाकते. माझ्या हाताने."

वहिनींनी चष्मा पुसला. खासगी तपासाचं हे कार्यालय त्यांचं, आणि मदतनीस म्हणून त्यांचे धाकटे दीर. त्यांना सगळे भाऊजीच म्हणत. भाऊजींची मदत म्हणजे चहा करणं आणि चुकीचे अंदाज बांधणं. यातला चहा फार चांगला असे.

"बस आधी," वहिनी म्हणाल्या. "मग पहिल्यापासून सांग."

बाई टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीवर कामाला होती. अर्ध्या शहराचे नळ त्या टाकीवर चालत, म्हणून तिला सगळे टाकीवालीच म्हणत.

"गेल्या आठवड्यात तपासणीत रंग फिका आला. पावडर जुनी, दमट झाली होती. ती पिशवी मी बाजूला टाकली आणि नवी फोडली. पण दुसऱ्या दिवसापासून रंग येतच नाही."

"कसला रंग?" भाऊजींनी विचारलं.

"नमुन्यात गोळी टाकतात. क्लोरीन असेल तर पाणी गुलाबी होतं. नसेल तर तसंच राहतं."

"आणि अजून काय?" वहिनींनी विचारलं. "एवढ्यासाठी कुणी इतक्या जोरात बाटली आपटत नाही."

टाकीवालीचा आवाज खाली आला. "कोठीतली पावडर दुपटीने संपतेय. साहेब म्हणतात, मी बाहेर विकते. उद्या मला काढणार आहेत. नोकरीचं एक वेळ सोडा हो. पण ओळखीच्या बायका मला बघून दार लावून घेतात. लोकांना घाण पाणी पाजलं, हा डाग घेऊन मी या शहरात कशी राहू?"

"कोठीवालाच चोर," भाऊजी म्हणाले.

"तुम्ही त्याला अजून पाहिलेलं नाही."

"म्हणून तर माझं मत निःपक्षपाती आहे."

तासाभरात तिघंही टेकडीवर पोचली. कोठीवाला जाडजूड आणि दुखावलेला माणूस निघाला.

"पिशवी माझ्याकडून निघते ती थेट पावडरखोलीत जाते," तो म्हणाला. "चोरून नेणार कुठून? फाटक एकच, आणि तिथे हिचे सासरे पहाऱ्यावर. माझा जेवणाचा डबासुद्धा रोज उघडून बघतात. एकदा तर भाजीत चमचा घालून पाहिला."

सासरे फाटकावर ताठ उभे होते. त्यांच्या निळ्या गणवेशाच्या बाह्यांवर पांढुरके ठिपके पडले होते. म्हातारबुवांना धुणं जमत नसावं, असं भाऊजींच्या मनात आलं.

"सून कशी आहे तुमची?" वहिनींनी विचारलं.

"लाखात एक. आता, माणूस कधी विसरतंही. पण मी आहे ना."

"तुम्ही आहात म्हणजे?"

"म्हणजे... ती जेवायला बसली की पावडरखोलीकडे मी बघतो. खोली उघडी टाकून कसं चालेल?"

पावडरखोलीत एक मोठं पिंप होतं. त्यात पावडर कालवून तिचं पाणी टाकीत सोडत. बाहेर टाकीचाच एक नळ सतत ठिबकत होता. त्याच्याखाली भाऊजी जपून पाऊल टाकायला लागले.

"बिनधास्त या," टाकीवाली म्हणाली. "आधी इथे हिरवंगार शेवाळ होतं, मीच दोनदा आपटले. आता बघा, पांढरं पडून सुटून आलंय."

वहिनी खाली वाकून बघत राहिल्या.

साहेब प्रयोगशाळेत नाक शिंकरत बसले होते. त्यांनी नळाचं पाणी काचेच्या नळीत घेतलं आणि गोळी टाकली. पाण्यात गुलाबी झाक चमकली आणि लगेच गेली.

"पाहिलंत? पांढरं फटक. क्षणभर आशा दाखवतं, बस. गोळ्यांची पेटीही बदलून झाली."

"लोकांची काही तक्रार?"

"पाण्याला वास येतो म्हणतात, नाकाला झोंबणारा. मला महिनाभर सर्दी आहे, मला अत्तरही कळत नाही. पण वास येतो म्हणजे पाणी घाणच असणार, त्यात शोधायचं काय?"

"तेच शोधायचं," वहिनी म्हणाल्या. "सगळ्यांना बोलवा. आणि मला एक चमचा आणि डिस्टिल्ड वॉटर द्या."

कोठीवाला आणि सासरे आले. भाऊजी कोठीवाल्याच्या पाठीमागे दार अडवून उभे राहिले.

"पावडर संपली हे खरं," वहिनींनी सुरुवात केली. "पण असल्या फाटकातून ती रोज बाहेर जाणं कठीण. मग ती गेली कुठे? पाण्यात. पाण्यात नाही असं फक्त ही गोळी म्हणतेय. बाकी सगळे आहे म्हणतायत. शेवाळ पांढरं पडून मेलं. वास नाकाला झोंबतो, आणि कुजलेल्या पाण्याचा वास झोंबत नाही, मळमळवतो. राहिली ती गुलाबी झाक. रंग आला होता साहेब, पण टिकला नाही. ही पावडर कपड्यांचा रंग उडवते. पाण्यात फार झाली, तर गोळीचाही उडवते."

त्यांनी चमचाभर नळाचं पाणी पेलाभर डिस्टिल्ड वॉटरमध्ये मिसळलं आणि त्यातलं थोडं नळीत घेऊन गोळी टाकली. पाणी गडद गुलाबी झालं आणि तसंच राहिलं.

साहेब शिंकायचे थांबले. "म्हणजे क्लोरीन कमी नाही?"

"अति झालंय."

"पण टाकलं कोणी?"

भाऊजींनी कोठीवाल्याचा दंड धरला.

"सोडा त्यांना," वहिनी म्हणाल्या. "कोठीवाल्यांचा शर्ट स्वच्छ आहे. पिंपात हात घालणाऱ्याच्या बाह्यांवर शिंतोडे उडतात, आणि जिथे उडतात तिथला रंग जातो."

सगळ्यांनी निळ्या गणवेशाकडे पाहिलं. सासऱ्यांनी हात मागे नेले, मग पुन्हा पुढे आणले.

"त्या दिवशी रंग फिका आला," ते म्हणाले. "मला वाटलं, सून पावडर घालायला विसरली. ती जेवायला बसली तेव्हा मी दोन डबे ओतले. दुसऱ्या दिवशी रंगच नाही. मग चार ओतले. जेवढं टाकावं तेवढा रंग गायब."

टाकीवाली त्यांच्यासमोर आली. "बाबा, मी विसरते असं वाटलं तुम्हाला?"

"आधी तसं वाटलं. मग साहेब बोलायला लागले तेव्हा वाटलं, मी ओततो ते थोडंच, बाकीची तू विकतेस."

"मला विचारायचं तरी."

"हो म्हणाली असतीस तर? सगळ्यांच्या पिशव्या तपासल्या, तुझी एकदाही उघडली नाही. धीरच झाला नाही."

तिला हसू आलं आणि रडूही आलं. तिने दोन्ही एकदमच उरकलं.

"आता माझं काय?" तिने साहेबांना विचारलं.

"तुझं काय म्हणजे? टाकी रिकामी कोण करणार, मी?" साहेबांनी रुमालात तोंड लपवलं. "माझी चूक झाली. उद्या पाणी स्वच्छ होईपर्यंत कोणी नळाचं पिऊ नका, हे आधी गावभर सांगायला हवं."

गाडीवर भोंगा चढवला. पहिल्याच चौकात लोक गोळा झाले. टाकीवालीने तोंड उघडण्याआधीच सासऱ्यांनी माईक ओढून घेतला.

"मी टाकीवालीचा सासरा बोलतोय. पाणी मी बिघडवलं. सून बरोबर होती."

ते प्रत्येक चौकात हेच बोलले. बंद झालेली दारं उघडायला लागली, आणि खिडकीतल्या बायका टाकीवालीला हात करू लागल्या. शेवटच्या चौकात म्हातारबुवांचा आवाज बसला, तरी ओठ हलतच होते.

सुनेने त्यांच्या हातातून माईक घेतला.

"ऐकलंत ना सगळ्यांनी? आता यांना कोणी काही बोलायचं नाही. घरी गेल्यावर मी बोलणार आहे."