दोरीवरचे कपडे

एकट्या मुलीला खोली द्यायला लालबाग-परळमध्ये कुणी राजी होईना. त्यामुळे डिलाईल रोडच्या चाळीतली खोली मिळाली तेव्हा दर्शनाने राधावहिनींची अट निमूट मान्य केली. राधावहिनी आता बदलापूरला राहत. खोलीची भाडेपावती त्यांच्या सासऱ्यांच्या, गुणाजींच्या नावावर होती. सासू-सासरे मागच्या वर्षी गावी वारले, चाळीत कुणाला पत्ता नव्हता. घरमालकाला कळलं की खोली गेलीच. म्हणून सासूबाईंचं नऊवारी लुगडं आणि सासऱ्यांचा सदरा रोज धुऊन गॅलरीत वाळत घालायचा.

"माणसं दिसली नाहीत तरी चालतील," राधावहिनी म्हणाल्या, "कपडे दिसले पाहिजेत."

दर्शना रसायनशास्त्र शिकलेली; दिवसभर प्रयोगशाळेत औषधांचे नमुने तपासायची. चाळीत तिच्याशी कुणी बोलत नसे. संध्याकाळी परक्यांच्या कपड्यांच्या घड्या घालायच्या, एवढाच तिचा संसार.

दिवाळीनंतर सदऱ्याच्या गळ्याशी मळाची रेघ दिसली. रस्त्यावरची धूळ, तिने ठरवलं. मग नऊवारीच्या पदराला मिश्रीचा वास येऊ लागला. तोही शेजारचा असणार. खात्री करायला एका सकाळी तिने दोन्ही कपडे वाळत न घालता ट्रंकेत ठेवले, कुलूप लावलं आणि किल्ली सोबत नेली.

संध्याकाळी ट्रंक उघडली. सदऱ्याच्या काखा ओल्या होत्या. कोमट.

ती खोली सोडून जाऊ शकली असती. पण जाणार कुठे?

रविवारी घरमालकाचा माणूस दारात उभा राहिला. म्हातारा-म्हातारी कुठे आहेत, त्याने विचारलं. दर्शना पाठ केलेलं उत्तर आठवू लागली.

शेजारचे अण्णा गॅलरीतल्या खुर्चीतूनच मालवणीत म्हणाले, "गुणाजी आताच नळार गेलो. म्हातारी आसा मा भितर."

त्या माणसाने दर्शनाच्या खांद्यावरून आत पाहिलं. हात जोडले, मान लववली आणि निघून गेला.

दर्शनाने मागे वळून पाहिलं नाही. सरळ अण्णांपाशी गेली आणि आपल्यासाठी खोटं बोलल्याबद्दल हळूच त्यांचे आभार मानले.

"खोटा कित्याक बोलू?" अण्णा नव्या पाहुणीकडे पाहावं तसे तिला न्याहाळत राहिले. सहा महिने ती त्यांच्या भिंतीपलीकडे राहत होती. "तू कोणाकडे इलंस गो?"

दुसऱ्या सकाळी ती बादली घेऊन गॅलरीत आली. नऊवारी आणि सदरा आधीच दोरीवर होते. दोघांच्या मधे तिचा निळा कुडता होता, काल अंगावर असलेला. रंग उडू नये म्हणून उलटा करून वाळत घातलेला.

त्यातून पाणी अजून ठिबकत होतं.