सुलभाची होडी

दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी संगणक दुसऱ्यांदा बंद पडला. पडदा काळा झाला, पंखे थांबले आणि खोली एकदम शांत झाली.

"अकरावं मिनिट," हणमंत शिंत्रे म्हणाले. कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी आकडा लिहिला. "मघाशीही अकराव्यालाच."

"म्हणजे गरम झाल्यावर," यास्मिन मुजावर म्हणाली. मिरजेत तिचं संगणक दुरुस्तीचं दुकान होतं. आज ते बंद ठेवून ती शिंत्र्यांच्या घरी आली होती. "काका, आता एकच संधी उरली. तिसऱ्यांदा फसलं तर काकूंचा ठसा कायमचा जाईल."

"सकाळपासून चौथ्यांदा सांगतेस."

"तुम्ही चौथ्यांदा घाईनं बटणाकडे हात नेलात म्हणून सांगते."

शिंत्र्यांनी हात मागे घेतला.

त्यांची बायको सुलभा श्रावणात गेली होती. सहा वर्षं दोघं या संगणकावर होड्यांचा एक खेळ खेळत. सुकाणू तिच्या हातात, शिडं शिंत्र्यांच्या. दोन वर्षांपूर्वी त्या खेळात ठसा नावाची सोय आली. खेळाडू कुठे वळतो, कधी थांबतो, किती धोका पत्करतो हे खेळ शिकून घेई, आणि तो खेळाडू हजर नसला तर त्याच्या जागी तसाच खेळे. सुलभा दवाखान्यात होती तेव्हा शिंत्रे दुपारी तिच्या ठशाबरोबर खेळत आणि संध्याकाळी जाऊन तिला सांगत, "आज तू मला खडकावर घातलंस." ती म्हणे, "तुम्ही शिडं वेळेवर सोडली नसणार." ती गेल्यावरही होडी तशीच वळत राहिली.

आज संध्याकाळी सहाला खेळाची जुनी आवृत्ती बंद होणार होती. त्याआधी ठसा नव्या आवृत्तीत हलवायचा होता, आणि खेळ त्यासाठी तीनच प्रयत्न देत होता. त्यासाठी मोठं ग्राफिक्स कार्ड लागत होतं आणि न थांबता चाळीस मिनिटं लागत होती. नवं कार्ड परवडणारं नव्हतं, म्हणून शिंत्र्यांनी वापरलेलं घेतलं. ते बसलं, चित्रही आलं. पण काम सुरू झालं की संगणक मान टाकत होता.

"तुझ्या दुकानातल्या मशीनला लाव की ही डिस्क," शिंत्रे म्हणाले.

"नाही चालत. ठशाला कुलूप असतं आणि त्याची किल्ली या मदरबोर्डवरच्या एका चिपमध्ये आहे. कुणी कुणाचा ठसा पळवू नये म्हणून. बाकी काहीही बदला, बोर्ड हाच पाहिजे."

शिंत्रे चौतीस वर्षं साखर कारखान्यात फिटर होते. एका वेळी एकच भाग बदलायचा, ही त्यांची सवय. दोन बदलले की दोष कशात होता ते कळत नाही. त्यांनी कागदावर बोट ठेवलं. "पहिल्यांदा जुना पॉवर सप्लाय होता. दुसऱ्यांदा तू आणलेला मोठा. तरी तेच. म्हणजे वीज कमी पडत नाही."

"कार्ड मी काल दुकानात तासभर तापवून बघितलंय. ते चांगलं आहे."

"मग उरलं काय?"

"मेमरी. नाहीतर बोर्ड."

बोर्ड असेल तर पुढे बोलायलाच नको होतं. शिंत्र्यांनी बाजूचं झाकण काढलं आणि बॅटरीचा उजेड धरला. यास्मिननं मेमरीची पट्टी दोन्ही टोकांना दाबून वर ओढली. पट्टीच्या सोनेरी दातांवर तांबडी रेघ होती. तिनं बोट फिरवलं, नाकाजवळ नेलं.

"गंज आहे?" शिंत्र्यांनी विचारलं.

"काका, हे कुंकू आहे."

खंडेनवमीला शिंत्र्यांनी संगणकाची पूजा केली होती. सुलभा गेल्यामुळे वर्षभर घरात सण करायचे नव्हते, पण यंत्राची पूजा चुकवायला मन तयार झालं नाही. एरवी ती सुलभा करायची.

"काकू कुठे लावायच्या?"

"समोरच्या काचेला. एक बोट."

"आणि तुम्ही?"

"वरून टाकलं. चिमूटभर हळद, चिमूटभर कुंकू."

संगणकाच्या वरच्या बाजूला, गरम हवा बाहेर जावी म्हणून, जाळी होती.

"कारखान्यात आम्ही वरूनच टाकायचो," शिंत्रे म्हणाले.

"कारखान्यातला रोलर कित्येक टनांचा असतो, काका. हे दात नखाएवढे आहेत. तापलं की ही भुकटी मध्ये येते आणि जोड तुटतो."

शिंत्रे खुर्चीत बसले. "म्हणजे माझ्या हातानंच तिला घालवत होतो."

"अजून कुणी गेलेलं नाही. खोडरबर आहे का घरात? आणि जुना टूथब्रश?"

खोडरबरानं यास्मिननं दात हलक्या हातानं घासले. शिंत्र्यांनी स्पिरिटमध्ये ब्रश बुडवून बोर्डावरची खाच साफ केली आणि कापसानं पुसली. कापूस तीनदा तांबडा झाला, चौथ्यांदा पांढराच राहिला. मग टेबलफॅन लावून सगळं वाळवलं. घड्याळात पाच वाजून चार मिनिटं झाली.

"कार्डाला वीज थोडी कमी देता येईल," यास्मिन म्हणाली. "फार तापणार नाही. पण हळू चालेल, पन्नास मिनिटं तरी. पूर्ण ताकदीनं चालवलं तर चाळीसात होईल, पण ते कार्ड जुनं आहे. तुम्ही सांगा."

शिंत्र्यांनी हिशेब केला. पाच वाजून पंचावन्न.

"कमी दे," ते म्हणाले, आणि बटण दाबलं.

दहावं मिनिट गेलं. अकराव्याला दोघांनीही श्वास घेतला नाही. बारावं लागलं. यास्मिननं हसून बघितलं, पण शिंत्र्यांची नजर आकड्यांवरून हलली नाही. तिसाव्या मिनिटाला कार्डाचं तापमान चढायला लागलं. शिंत्र्यांनी टेबलफॅन उचलून उघड्या बाजूला धरला आणि तसेच उभे राहिले.

"काका, स्टुलावर ठेवा तो. हात भरून येईल."

"असू दे की."

पाच वाजून एक्कावन्न मिनिटांनी खाली कुणीतरी पाण्याची मोटर लावली. दिवा मंद झाला. यूपीएस दोनदा ओरडला. यास्मिन जिन्याकडे धावली आणि खाली बघून इतक्या मोठ्यानं ओरडली की शेजारचं दार उघडलं. मोटर थांबली. पडद्यावरची पट्टी ब्याण्णव टक्क्यांवर अडली होती. मग ती त्र्याण्णव झाली.

पाच वाजून छप्पन्न मिनिटांनी पडदा निळा झाला. मोठा समुद्र दिसला, आणि त्यावर एक होडी. सुकाणूपाशी सुलभाचं नाव होतं.

शिंत्र्यांनी पंखा खाली ठेवला. होडीच्या वर दोन ओळी उमटल्या. हा ठसा आहे तसाच ठेवायचा, की पुढे शिकू द्यायचा?

"हे काय?"

"नव्या आवृत्तीत विचारतात," यास्मिन हळू आवाजात म्हणाली. "तसाच ठेवला तर काकू होत्या तशाच राहतील. पण जुन्या खेळातल्या पाण्याबाहेर होडी जाणार नाही. शिकू दिला तर हा सगळा समुद्र फिरेल. फक्त चार-सहा महिन्यांनी त्यात त्या किती आणि तुमच्याकडून शिकलेलं किती, हे वेगळं काढता येणार नाही. आणि एकदा ठरवलं की बदलता येत नाही."

"किती वेळ आहे?"

"वेळेचं बंधन नाही. पण उत्तर दिल्याशिवाय होडी हलणार नाही."

शिंत्रे बघत राहिले. होडी लाटांवर वरखाली होत होती, जागच्या जागी.

"काकू असत्या तर काय म्हणाल्या असत्या?" यास्मिननं विचारलं.

"ती म्हणाली असती, जाऊ द्या पुढं." ते बोलले आणि थांबले. माऊसवरचं बोट त्यांनी उचलून घेतलं. "पण हे तर मी बोललो, यास्मिन. तिला विचारायची काही सोय आहे का यात?"