शिक्का माझा, पत्र माझे नव्हे

करंजगडाच्या बालेकिल्ल्यावर पूर्वा उजळली, तेव्हा सहा कोसांवर, डोंगराच्या लांबच लांब धारेच्या टोकाला सोनकडा किल्ला धुक्यातून नुकता डोके काढत होता आणि खालचे अवघे खोरे गनिमाच्या राहुट्यांनी भरले होते. त्याच वेळी सबनीस त्रिंबकपंतांनी सुभ्याच्या शिक्क्याची पेटी उघडली आणि ती रिकामी निघाली!

चोर कोण, हे दारात उभ्या हेराने सांगितले. पंतांनी आईबापामागे मांडीवर वाढवलेला पुतण्या विसाजी गनिमाला फितून काल सोनकड्यावर पोहोचला होता. हाती शिक्क्याचे पत्र : उद्या, म्हणजे आज, दिवस मावळताच किल्ला गनिमाच्या स्वाधीन करावा. किल्लेदार सुभानरावांनी ते मस्तकी लावले. का लावू नये? शिक्का खरा, आणणारा सबनिसांच्या घरचा. आता उलट पत्र धाडायचे, तर त्यावर उमटवायचे काय, कपाळ?

"मलाच गेले पाहिजे," पंत म्हणाले. "सुभानराव मला ओळखतात."

वय साठीचे, पोट सुटलेले, उभा जन्म बैठकीवर गेलेला. सोबतीला धावजी नाईक, त्या धारेवर लहानाचा मोठा झालेला महादेव कोळी. खोऱ्यात गनीम, तेव्हा वाट एकच, धारेवरची.

आणि ती धार! दोहों अंगांना डोळे फिरवणारी दरी, मध्ये पाऊल मावेल एवढी जागा, एक टेपाड चढून जीव नाकाशी यावा तो पुढे दुसरे उभे, मुरमाड घसाऱ्यावर हात टेकावे तर दगड तापलेले, आणि ज्या टाक्याच्या आशेने दोन प्रहर काढले त्यात पाण्याऐवजी वाळला चिखल. दुपारपर्यंत पंतांच्या वहाणा तुटल्या. ते बसत, उठत, पुन्हा बसत.

सातव्यांदा बसले तेव्हा धावजी समोर उभा राहिला.

"पंत, रागावू नगा. पाय थकल्यात, का मनच निघंना?"

पंतांनी घाम पुसला. "नाईक, किल्ला फितवणाऱ्याला शिक्षा काय?"

"कडेलोट. समद्यांना ठावं हाय."

"मला उशीर झाला तर कोणी बोल लावणार नाही. म्हातारा दमला, म्हणतील. पोर वाचेल माझे."

"वाचंल की." धावजी सोनकड्याकडे बघत राहिला. "माझी लेक दिलीया त्या गडावर. आन् दोनशे माणसं हायती."

पंतांनी तुटक्या वहाणा तिथेच टाकल्या आणि हात वर केला. "हात दे रे, उठव मला."

सूर्य डोंगराला टेकत होता, महाद्वाराचे अडसर निघू लागले होते, तेव्हा धावजीच्या खांद्याचा आधार घेत पंत सदरेवर आले. किल्लेदाराशेजारी बसलेला विसाजी त्यांना पाहून पांढराफटक पडला. सवयीने पायांवर वाकला आणि तिथेच थबकला.

"काका, अहो, पायांचं काय करून घेतलंत हे!"

सुभानरावांनी पत्र पुढे धरले. "सबनीस, आपण जातीने आलात, बरे झाले. हा शिक्का आपला?"

"शिक्का माझा. पत्र माझे नव्हे."

सुभानरावांनी विसाजीकडे पाहिले. "आणि हा?"

"तोही माझाच," पंत म्हणाले आणि त्यांना रडू फुटले.

अडसर पुन्हा लागले. पंधरवड्याने गनिमाने कंटाळून मोर्चे उठवले आणि सोनकडा राखला गेला. पण पंत ते पाहायला थांबले नव्हते. सदरेवरच्या त्या संध्याकाळनंतर दुसऱ्याच सकाळी विसाजीची शिक्षा पार पडली. "पाय बरे होईतो राहावे," अशी सुभानरावांनी परोपरीने विनंती केली. पंतांनी पायांना फडकी गुंडाळली, विसाजीजवळ सापडलेला शिक्का कनवटीला लावला आणि ते धारेला लागले.

"टेका वाईच, पंत," धावजी दोनदा म्हणाला. "आज कसली घाई न्हाई."

पंतांनी मान हलवली. येताना सात वेळा बसलेले पंत परतताना एकदाही बसले नाहीत.