दाब म्हणेपर्यंत दाबायचं नाही

हे घडलेलं आहे.

माझ्या गोष्टी ऐकताना घरचे एकमेकांना डोळे मारतात, हे मला ठाऊक आहे. मारोत. ही गोष्ट माझी नाहीच. ती माझ्या बहिणीच्या धाकट्या मुलाची आहे, आणि त्या पोराने थाप मारायची म्हटली की आधी त्याचे कान लाल होतात.

ही सांगताना त्याचे कान पांढरेफटक होते.

भुतं रात्रीच येतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी दिवसा खुशाल निर्धास्त राहावं. हे रविवारी घडलं. उन्हं उतरायच्या सुमाराला. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटात, आतल्या खोलीत... टेबलाखाली.

टेबल थोरल्याचं. थोरला म्हणजे या धाकट्याचा सख्खा भाऊ, त्याचा दादा. त्याला जाऊन वर्ष होत आलं होतं. टेबलाखालचा कॉम्प्युटर त्यानेच सुटे भाग आणून जोडलेला. डबा भिंत आणि टेबलाचा पाय यांच्यात असा बसवलेला, की बाहेर काढायचा तर आधी भिंतीची परवानगी घ्यावी लागेल. डब्यावरचं चालू करायचं बटण कधीच मोडलं होतं. नवं विकत आणेल तर तो थोरला कसला? त्याने दारावरच्या घंटीचं जुनं बटण घेतलं, त्याला लांब वायर जोडली आणि ते टेबलाच्या वरच्या कडेला ठोकून दिलं.

तेव्हापासून दोघा भावांची दुरुस्तीची रीत ठरून गेली. धाकटा टेबलाखाली पालथा, हातात टॉर्च. थोरला वर खुर्चीत. खालून आवाज यायचा, "दादा, दाब." मग वरून बटण दाबलं जायचं. त्याआधी नाही. एकदा थोरल्याने चेष्टेने आधीच दाबलं आणि डब्यातल्या पंख्याच्या पात्याने धाकट्याचं बोट सोललं. माझी बहीण त्यावरून दोघांना इतकं बोलली, की पुढे तो नियमच झाला.

थोरला गेला आणि कॉम्प्युटर त्याच्या बायकोकडे, म्हणजे धाकट्याच्या वहिनीकडे आला.

वहिनी भरतकामाची डिझाइनं करते. सुई कुठे उतरवायची, धागा कुठे वळवायचा, हे ती स्क्रीनवर आखते आणि कारखान्यातली यंत्रं मुकाट्याने तसं शिवतात. सोमवारी सकाळी एका हॉटेलच्या पडद्यांचं डिझाइन द्यायचं होतं. कारखान्याच्या मालकीणबाईंनी सांगून ठेवलं होतं, की या खेपेला उशीर झाला तर पुढचं सगळं काम दुसरीकडे जाईल. काम गेलं की हे घर सुटणार आणि भावाकडे जाऊन राहावं लागणार, हे वहिनीला कोणी समजावायला नको होतं. तिच्या भावाने तर तिच्यासाठी खोली रंगवूनही ठेवली होती. त्या रंगाचं नाव काढलं तरी तिच्या कपाळावर आठ्या पडायच्या.

आणि नेमकं त्याच रविवारी आमच्या भाचेबुवांना सेवा सुचली.

मशीन फार रखडतं, डिझाइन उघडायला चहा होऊन जातो, मी नवंकोरं करून देतो, असं म्हणून तो पिशवी भरून सामान घेऊन आला. नवी मेमरी, नवी डिस्क, नवं ग्राफिक्स कार्ड, नवा पॉवर सप्लाय. शहाण्या माणसाने एकेक भाग बदलावा आणि चालू करून बघावं. याने सगळं एका बैठकीत बदललं.

वहिनीने बटण दाबलं.

पंखा अर्धा गरकन फिरला... आणि थांबला.

स्क्रीन काळी.

पुन्हा दाबलं. पुन्हा तेच.

मग सुरू झाली शोधाशोध. त्याने मेमरी काढली, तिची सोनेरी कड खोडरबरने घासली, परत बसवली. नाही. एकच पट्टी ठेवून पाहिली. नाही. नवं कार्ड उपटलं. नाही. प्रोसेसरला वीज देणारी वायर बसवायची राहिली असेल, म्हणून चाचपून पाहिली. ती घट्ट होती. आतली नाण्याएवढी बॅटरी काढून पुन्हा लावली. शेवटी हात टेकून सगळे जुने भाग परत जोडले.

तरीही नाही. सकाळपर्यंत चालणारं मशीन, तेच भाग, तीच जागा... आणि पंखा अर्धा गरकन फिरून गप्प.

प्रत्येक वेळी तो खालून म्हणायचा, "दाबा, वहिनी." आणि प्रत्येक वेळी वहिनीने त्याआधीच दाबलेलं असायचं.

"मी म्हणेपर्यंत दाबायचं नाही हो," तो एकदा वैतागून म्हणाला.

"तुम्ही म्हणेपर्यंत माझं माहेरी जायचं सामान बांधून होईल, भावजी," वहिनी वरून म्हणाली.



मग ती उठली. मालकीणबाई दोन गल्ल्या सोडून राहायच्या. सोमवार संध्याकाळपर्यंतची तरी सवलत मिळते का बघते, म्हणाली. आतून कडी लावून घ्या, वाऱ्याने दार आपटतं, असंही सांगून गेली.

याने कडी लावली. पुन्हा टेबलाखाली शिरला.

आता एकच संशय उरला होता. बटणच गेलं असेल. मग त्याने बटणाची वायर मदरबोर्डवरून उपटली आणि जिथे ती लागते त्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवलं. बटणाशिवाय मशीन चालू करायची ही साधी युक्ती.

काही नाही. या वेळी पंखाही हलला नाही.

तो तसाच पडून राहिला. फरशी गार होती. वरच्या मजल्यावर कोणीतरी फर्निचर सरकवत होतं. मग तेही थांबलं.

आणि खुर्ची कुरकुरली.

याच टेबलापुढची खुर्ची. बसणाऱ्याने अंग टाकलं की कुरकुरते, तशी. मग तिची चाकं थोडी पुढे सरकली... बसलेला माणूस टेबलाजवळ ओढून घेतो, तशी.

वहिनी आली वाटतं, एवढंच त्याच्या मनात आलं. डोकं त्या पिनांत अडकलेलं. दाराला कडी आहे, हे त्या क्षणी कुठे आठवतंय? आणि तोंडातून निघालं ते वर्षानुवर्षांच्या सवयीने.

"दादा, दाब."

शब्द तोंडातून गेले आणि त्याला शरम वाटली. वहिनीला काय वाटेल? त्याने मान वळवली. टेबलाखालून वरचा माणूस दिसत नाही. दिसतात ते पाय.

खुर्ची समोर होती.

पाय नव्हते.

वर... टक.

पंखा फिरला. फिरतच राहिला. डिस्क गुरगुरली, भिंतीवर स्क्रीनचा निळसर उजेड पडला.

बटणाची वायर त्याच्या डाव्या हातात होती. कशालाही न जोडलेली.

तो बाहेर कसा आला ते त्याला सांगता येत नाही. कपाळावर आलेलं टेंगूळ मात्र मी स्वतः पाहिलं. खुर्ची रिकामी होती. स्क्रीनवर वहिनीचे अर्धवट पडदे उघडलेले.

तेवढ्यात दार वाजलं. कडी तशीच होती. बाहेर वहिनी.

मालकीणबाईंनी सवलत दिली नव्हती. पण आता ती लागणारही नव्हती. स्क्रीन पाहून वहिनीचा चेहरा असा उजळला, की याला खरं सांगवेना. तिने विचारलं, काय झालं होतं? हा म्हणाला, वायर सैल होती. आणि त्याचे कान लाल झाले.

डिझाइन सोमवारी पोचलं. काम टिकलं. खोली रंगवलेली तशीच राहिली.

पण मंगळवारी मशीन चालू होईना.

याने येऊन बटणाची वायर परत जोडली, वहिनीने दाबलं, पंखा अर्धा फिरून गप्प; वायर पुन्हा काढून ठेवली. आता मात्र त्याला खरं सांगावं लागलं. वहिनी ऐकून घेत होती. हसली नाही, रडली नाही. खुर्चीतून उठली, दारापाशी जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "शिरा खाली."

तो शिरला. म्हणाला.

टक.

मशीन चालू.

मध्ये एक दुरुस्तीवाला बोलावून पाहिला. त्याने टॉर्च मारला, म्हणाला, बटणाची वायर तर जोडलेलीच नाहीये, हे चालतं कसं? वहिनी म्हणाली, चालतं. त्याने वायर जोडून दिली. मग काही केल्या ते चालेना. वायर पुन्हा काढली. मग वहिनीने त्याला बाजूला व्हायला सांगितलं, आणि धाकटा खाली शिरून म्हणाला. दुरुस्तीवाल्याने चहा घेतला नाही. चप्पल हातात घेऊनच जिना उतरला.

मशीन बदला, असं मी स्वतः वहिनीला सांगितलं. ती म्हणाली, "मामा, ते माझं काम अडवत नाही. मग मी त्याला का काढू?" यावर उत्तर असेल तर मला कळवा.

अडचण धाकट्याची होती. रोज सकाळी ऑफिसच्या आधी तिथे जाऊन फरशीवर पालथं कोण पडणार? वहिनीनेच तोड काढली. ती फोन लावायची, स्पीकर चालू करून टेबलाखाली सरकवायची आणि दारापाशी जाऊन उभी राहायची. हा ऑफिसात असेल तिथून, कधी जिन्यात, कधी लिफ्टमध्ये, खालच्या आवाजात म्हणायचा, दादा, दाब. लिफ्टमधली माणसं दुसऱ्या दिवसापासून जिन्याने जाऊ लागली. पलीकडून टक ऐकू आलं की हा फोन ठेवायचा.

असे महिने गेले. माणूस कशालाही सरावतो.

मग गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी याचा फोन बादलीत पडला. मेला तो मेलाच. दुसऱ्या दिवशी ऑफिसातही एक बैठक संपेना. वहिनीला कळवायचं राहूनच गेलं. दिवसभर याचा जीव टांगणीला. ऑफिस सुटल्यावर तो तडक तिच्याकडे गेला, चार वेळा चुकलं म्हणायच्या तयारीने.

वहिनी काम करत होती. मशीन चालू.

याने विचारलं, कसं चालू झालं?

"कसं म्हणजे? तुम्हीच म्हणालात की."

फोन तर बंद आहे माझा, हा म्हणाला. वहिनीने आपला फोन उघडून पाहिला. सकाळचा तिचा फोन लागलाच नव्हता. त्याच्या नावापुढे लाल खूण होती.

 मग वहिनीने पाय हळूच खुर्चीवर ओढून घेतले. टेबलाखाली बघायचं टाळून ती म्हणाली,

"मला वाटलं, आज तुमचा घसा बसलाय."

धाकट्याने हे मला आमच्या जेवणाच्या टेबलाशी बसून सांगितलं. भरदुपारी. सांगताना तो मांडी घालून खुर्चीवर बसला होता, पाय वर घेऊन.

थोड्या वेळाने पाहिलं... मीही.